तळ्याकांठचा समुद्र

महाराष्ट्रांतील कोणत्याही शाळेंत जावें आणि मुलांना 'एक देखावा काढा' असें सांगावें, म्हणजे घटकाभरांत तीस-चाळीस कागदांवर एकच चित्र उमटतें. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडींतून वर येणारा किरणांचा सूर्य, डोंगरांतून नागमोडी उतरणारी आणि पुढें येतां येतां नकळत समुद्र होऊन बसणारी नदी, तींत शिडाची एक होडी, कांठावर कौलारू झोंपडी, झोंपडीवर वांकलेला माड, आणि आकाशांत इंग्रजी 'एम्' अक्षरासारखे चार-पांच पक्षी. मालवणचा मुलगा हें चित्र काढतो तेव्हां निदान माड आणि होडी त्याच्या ओळखीचीं असतात. परंतु गोंदियाचा मुलगाही हेंच काढतो. त्याच्या दारांत मोहाचें झाड आहे, घरामागें धानाच्या बांध्या आहेत, बांधीच्या पलीकडे बोडी आहे. त्यांतलें कांहींएक कागदावर येत नाहीं. त्यानें जन्मांत न पाहिलेला माड मात्र झोंपडीवर न चुकतां वांकतो.

गोंदियाहून मुंबईचा समुद्र रेल्वेनें सुमारें हजार किलोमीटर दूर आहे. पूर्वेचा समुद्र सरळ रेषेंत मोजला तर त्याहून पुष्कळ जवळ, पण आपल्या लोकांच्या मनांत समुद्र म्हटला कीं पश्चिमेचाच येतो. गंमत अशी कीं, या जिल्ह्यांत पडणारा पाऊस वैनगंगेंत जातो, वैनगंगेंतून प्राणहितेंत, प्राणहितेंतून गोदावरींत, आणि गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरांत. म्हणजे बांधींतल्या पाण्याला समुद्र घडतो, बांधीच्या धन्याला घडत नाहीं! तथापि हा प्रदेश पाण्याला पारखा मुळींच नाहीं. भंडारा आणि १९९९ सालीं त्यांतून वेगळा निघालेला गोंदिया, या दोन्ही जिल्ह्यांना तलावांचे जिल्हे म्हणतात, आणि तें नांव यथार्थ आहे. कोहळी लोकांनीं पिढ्यान् पिढ्या खपून बांधलेले तलाव, मालगुजारी गेल्यावरही ज्यांना 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात ते, आणि गांवोगांवच्या लहानसान बोड्या, असें हें जागोजाग पाण्यानें चमकणारें राज्य आहे. एकट्या नवेगांवबांधाच्या तलावाचा विस्तारच सुमारें ११ चौरस किलोमीटर भरतो. कै. मारुती चितमपल्ली यांनीं त्या अरण्यांत नोकरी करीत असतां पाण्याकडे, पांखरांकडे आणि माणसांकडे ज्या डोळ्यांनीं पाहिलें, तें त्यांच्या वाचकांना सांगावयास नको.

हें सारें आठवण्यास निमित्त झालें तें एका पत्राचें. पत्र आमगांवाकडील एका वाचकभगिनींचें आहे. त्यांचें कुटुंब एकत्र असून घरांत थोरल्या दिरांचा शब्द चालतो. बाईंचा मुलगा दहावींत आहे. शाळेंत त्याला सरावासाठीं 'समुद्रकिनाऱ्यावरील संध्याकाळ' असें स्मरणचित्र काढण्यास सांगितलें. मुलानें समुद्र पाहिलेला नाहीं. त्यानें नवेगांवबांधाची पाळ काढली, पाळीवरून सायकल हातांत धरून चाललेला एक माणूस काढला, आणि मावळतीचा उजेड पाण्यावर पसरलेला दाखविला. विषय सोडला म्हणून शिक्षकांनीं निम्मे गुण दिले. तेवढ्यावरून घरांत वाद माजला आहे. मुलाला पुढें चित्रकलेच्या महाविद्यालयांत जावयाचें आहे, आणि थोरले दीर म्हणतात कीं, ज्याला सांगितलेलें काढतां येत नाहीं त्यानें त्या वाटेचें नांव काढूं नये. बाई दोन गोष्टी विचारतात. येत्या दिवाळींत मुलाला समुद्र दाखवून आणावा काय? आणि त्याला या वाटेनें जाऊं द्यावें काय?

पहिल्या प्रश्नांत दुसऱ्याचें उत्तर थोडेंबहुत दडलेलें आहे, म्हणून आधीं समुद्राचेंच पाहूं.

गोंदियाच्या शाळेंत मुलांना चित्रकला शिकविणारा एक तरुण शिक्षक पुढें जगभर प्रसिद्ध झाला, ही गोष्ट गोंदियांतही फारशा लोकांस ठाऊक नसेल. त्यांचें नांव सय्यद हैदर रझा. जन्म २२ फेब्रुवारी १९२२ चा, मंडला जिल्ह्यांतील बाबरिया या गांवचा. वडील जंगलखात्यांत नोकरीस, त्यामुळें लहानपण अरण्यांत गेलें. ककैया येथील प्राथमिक शाळेंत मुलाचें चित्त ठिकाणावर राहीना, तेव्हां नंदलाल झारिया नांवाच्या गुरुजींनीं भिंतीवर एक ठिपका काढून त्याला त्याकडे एकटक पाहत बसविलें, ही हकीकत रझांनीं स्वतः अनेकदां सांगितली आहे. पुढें १९३९ पासून नागपूरच्या चित्रकला विद्यालयांत शिक्षण, आणि त्यानंतर कांहीं काळ गोंदियास शिक्षकाची नोकरी. मंडल्याकडच्या माणसाला गोंदिया परकें नव्हतें. नैनपुराहून येणारी छोटी गाडी त्याला नागपूरच्या वाटेवर गोंदियासच आणून सोडीत असे. ती गाडी आतां उरली नाहीं, रूळ रुंद झाले.

गोंदियास असतांनाच रझांना मध्यप्रांत सरकारची शिष्यवृत्ति मिळाली आणि १९४३ सालीं ते मुंबईस सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें शिकण्यासाठीं निघाले. पोहोंचेपर्यंत उशीर झाला होता; प्रवेश बंद झाले होते. शिष्यवृत्तिही गेली. सरकारनें त्याऐवजीं अकोल्यास चित्रकला-शिक्षकाची जागा देऊं केली. पक्की सरकारी नोकरी, तीही युद्धाच्या महागाईंत! रझांनीं ती नाकारली आणि ते मुंबईस राहिले. एका ब्लॉक बनविणाऱ्या स्टुडिओंत दिवसा नकाशी काढावी आणि उरल्या वेळांत स्वतःचें चित्र रंगवावें असा क्रम सुरू झाला. जे. जे. मधील शिक्षणही त्यांनीं पुढें पुरें केलें.

अरण्यांतून आलेल्या या माणसाच्या समोर आतां समुद्र होता. त्यानें काय काढलें? त्या वर्षांतील त्यांचीं मुंबईचीं जलरंगचित्रें लहान लहान आहेत. त्यांत रस्ते आहेत, गर्दी आहे, पावसांत भिजून एकमेकींत मिसळून गेलेल्या इमारती आहेत. पाणी सर्वत्र आहे, पण तें कागदावर धांवणाऱ्या रंगाचें पाणी आहे. ओल्या कागदावर रंग सोडला म्हणजे तो आपल्या मनानें पसरतो, आणि त्याच्या त्या मनाशीं चित्रकाराला तडजोड करावी लागते. ती तडजोड या तरुणास उत्तम साधली होती. १९४८ सालीं काश्मिरांत त्यांची आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशीं गांठ पडली. चित्रें पाहून त्यानें सांगितलें कीं, यांत गुण आहे परंतु बांधणी नाहीं. सेझानचीं चित्रें अभ्यासा. कोणा नवशिक्याला वाईट वाटलें असतें. रझांनीं फ्रेंच शिकण्यास आरंभ केला आणि १९५० च्या ऑक्टोबरांत फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले.

तेथें गेल्यावरचें एक चित्र आमच्या विषयाला फार उपयोगी आहे. भूमध्य समुद्राच्या कांठीं कान्य नांवाचें गांव आहे. रन्वारनें आपलीं शेवटचीं वर्षें तेथेंच घालविलीं. रझांनीं १९५१ सालीं त्या गांवाच्या टेकडीवरील वस्तीचें चित्र काढलें. समुद्रकांठचें गांव म्हटल्यावर प्रवासी ज्या गोष्टी पाहतो त्यांकडे त्यांनीं पाहिलेंच नाहीं. टेकडीवर एकाला एक चिकटलेलीं घरें त्यांनीं ठोकळ्यांसारखीं रचलीं, त्यांतून माणसें काढून टाकलीं. त्याच काळांतल्या अशा कांहीं चित्रांत आकाशांत काळा सूर्य आहे. कार्तिए-ब्रेसाँनें सांगितलेली बांधणी ती हीच. १९५६ सालीं फ्रान्समधील समीक्षकांचें पारितोषिक त्यांना मिळालें. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तें मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढें मांतों शहरामागच्या डोंगरांत गोर्बियो या खेड्यांत त्यांनीं घर केलें, आणि आयुष्यांतले कित्येक उन्हाळे त्या समुद्राच्या सान्निध्यांत रंगविण्यांत घालविले.

आणि तेथें बसून त्यांनीं काय रंगविलें? मंडल्याचें अरण्य. रात्रीच्या वेळीं त्या जंगलाची वाटणारी भीति आणि सकाळ झाल्यावर येणारा धीर, राजस्थानची उन्हानें तापलेली माती, आणि १९८० च्या सुमारापासून तो भिंतीवरचा ठिपका: बिंदु. निळ्याशार भूमध्य समुद्राच्या वर बसून काळा, तांबडा, पिवळा! फ्रान्समध्यें साठ वर्षें काढून ते परत आले, २३ जुलै २०१६ रोजीं दिल्लीस वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणें मंडल्यास वडिलांच्या शेजारीं त्यांचें दफन झालें. गोंदियाच्या शाळेंत फळ्यासमोर उभे असतांना मुलांकडून त्यांनींही स्मरणचित्रें काढून घेतलीं असतीलच. स्वतः तर त्यांनीं जन्मभर दुसरें कांहीं काढलें नाहीं, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां याच्या अगदीं उलट प्रकृतीचा एक चित्रकार पाहा. तोही योगायोगानें आपल्याच बाजूला जन्मलेला. वासुदेव गायतोंडे यांचें घराणें गोव्याचें, परंतु जन्म नागपूरचा, १९२४ मधला. जे. जे. मधून ते १९४८ सालीं बाहेर पडले. मुंबईस वॉर्डन रस्त्यावर भुलाभाई देसाई यांच्या समुद्रकांठच्या बंगल्यांत जी संस्था निघाली होती, तेथें चित्रकार, नट, सतारिये यांना कामाला जागा मिळत असे. रविशंकरांपासून अल्काझींपर्यंत कितीतरी मंडळींचा तेथें राबता होता. गायतोंडे तेथें रंगवीत, आणि न रंगवीत तेव्हां समुद्राकडे तासन् तास पाहत बसत, असें त्यांच्या सोबत्यांनीं सांगितलें आहे. इतकें पाहूनही त्यांच्या चित्रांत लाट नाहीं, होडी नाहीं, किनारा नाहीं. कोणाला एखादी पुसट आडवी रेषा क्षितिजासारखी वाटते, तेवढेंच. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना मानवत नसे.

त्यांच्या कामाची रीत समजून घेण्याजोगी आहे. तैलरंग पातळ करून थरावर थर चढवावयाचा. भिंती रंगविण्याचा रूळ आणि रंगाची सुरी यांनीं तो पसरावयाचा, कांहीं भाग खरवडून काढावयाचा. कधीं कागदाचे फाटके तुकडे रंगावर दाबून उचलावयाचे, म्हणजे खालचा थर तेवढ्यापुरता वर येतो. पाण्याखालीं पडलेली वस्तु जशी अर्धी दिसते व अर्धी दिसत नाहीं, तसे त्या चित्रांतले आकार तरंगत राहतात. वर्षाकांठीं पुरीं होणारीं चित्रें मोजकीं. बाकीचा वेळ विचारांत. एकत्र कुटुंबांत असा मनुष्य असता तर त्याला आपण काय म्हटलें असतें, तें आपण सर्वच जाणतों. २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें त्यांच्या एकट्याच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें. तें पाहण्यास ते नव्हते. २००१ सालींच दिल्लीस वारले होते. आयुष्याचीं शेवटचीं तीसएक वर्षें त्यांनीं त्या बिनसमुद्राच्या शहरांत काढलीं, आणि चित्रांतलें पाणी कांहीं आटलें नाहीं.

म्हणजे एकानें समुद्रकांठीं बसून अरण्य काढलें, दुसऱ्यानें समुद्र इतका पाहिला कीं तो काढण्याची गरजच उरली नाहीं. यावरून कोणीं असें समजूं नये कीं, सरळ समोर दिसणारा किनारा रंगविणें हें हलक्या प्रतीचें काम आहे. आमच्या मतें तें सर्वांत अवघड आहे, आणि मुलानें प्रथम तेंच शिकावें. मुंबईच्या जुन्या चित्रकारांनीं हें पारदर्शक जलरंगाचें काम ज्या तयारीनें केलें, तिला तोड नाहीं. सावंतवाडीस १८८२ सालीं जन्मलेले सांवळाराम लक्ष्मण हळदणकर हे त्यांतले अग्रणी. १९०८ सालीं त्यांनीं मुंबईस स्वतःचा चित्रकलावर्ग काढला. हातांतल्या समईचा उजेड ओंजळीनें आडवून उभी असलेली ती तरुणी, जिचें मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे आणि जें पुष्कळ लोक रविवर्म्याचें म्हणून घरांत लावतात, तें हळदणकरांचें आहे. चित्राला त्यांची कन्याच समोर उभी होती. सांगण्यासारखी गोष्ट ही कीं, तें तैलरंगांतलें नसून जलरंगांतलें आहे. तैलरंगांत चूक झांकतां येते, जलरंगांत ती जन्मभर दिसत राहते.

पाणी रंगविण्याचें मर्म येथेंच आहे. पारदर्शक जलरंगांत पांढरा रंग वापरावयाचा नसतो. लाटेचा फेंस, ओल्या खडकावरची चमक, दूरच्या शिडावरचें ऊन, हें सारें म्हणजे कोरा ठेवलेला कागद. मुलगा काय काढतो यापेक्षां काय सोडतो हें पाहावें लागतें, आणि सोडावयाचें तें आरंभींच ठरवावें लागतें. एकदां रंग लागल्यावर तो शुभ्रपणा परत येत नाहीं. आकाश ओल्या कागदावर एका दमांत उतरवावें. तें वाळत असतां हात आवरावा. अर्ध्या वाळलेल्या रंगांत पुन्हां कुंचला घालण्याचा मोह आवरतां आला नाहीं म्हणून फुकट गेलेल्या कागदांची रास प्रत्येक चित्रकाराच्या घरांत असते.

आणि हें शिकण्यास समुद्रच पाहिजे असें मुळींच नाहीं. बोडीच्या पाळीवर मुलाला बसवा. स्थिर पाण्यांतलें प्रतिबिंब मूळ वस्तूसारखेंच असतें असें आपण धरून चालतों, तसें नसतें. उजळ वस्तु पाण्यांत किंचित् काळपट दिसते, आणि काळी वस्तु किंचित् उजळ. शिवाय प्रतिबिंबांत वस्तूची खालची बाजू दिसते: पाळीवरच्या आंब्याच्या फांद्यांचा जो भाग आपल्याला वरून दिसत नाहीं, तो पाण्यांत दिसतो. वारा सुटला आणि तरंग उठले म्हणजे तेंच प्रतिबिंब उभें लांबत जातें आणि आडव्या चिंध्या होऊन तुटतें. पायाजवळच्या पाण्यांत तळाचा चिखल दिसतो, दूरच्या पाण्यांत आकाश दिसतें, आणि या दोहोंच्या मधल्या पट्टींत दोन्ही एकमेकांत मिसळतात. ही मधली पट्टी ज्याला रंगवितां आली त्याला पाणी आलें. नवेगांवबांधाच्या पाळीवर सायकलवाला काढणाऱ्या मुलाच्या चित्रांत ती पट्टी होती कीं नाहीं, हें चित्र न पाहतां आम्हांस सांगतां येत नाहीं. परंतु पाहिलेल्या पाळीच्या चित्रांत ती असण्याचा संभव तरी आहे, न पाहिलेल्या माडाच्या चित्रांत तोही नाहीं. विषय 'समुद्रकिनारा' असतां तळें काढलें, तर शिक्षकांनीं गुण कापणें नियमाला धरून झालें. त्यांना दोष देतां येणार नाहीं. स्मरणचित्र म्हणून विषय देतांना तो मुलांच्या स्मरणांत असूं शकेल कीं नाहीं, एवढें मात्र पाहावयास हवें होतें.

आतां थोरल्या दिरांचें म्हणणें. तें आम्ही उडवून लावीत नाहीं. घर चालविणाऱ्याला पुढच्या वीस वर्षांचा हिशेब करावा लागतो, आणि रझांनीं अकोल्याची जागा नाकारली ही गोष्ट वाचून कोणाही कर्त्या पुरुषाच्या पोटांत गोळाच उठेल. अशा रीतीनें हातची भाकरी टाकून गेलेल्या दहाजणांपैकीं नऊजणांचीं नांवें कोणास ठाऊक नसतात. पण त्याच हकीकतीचा दुसरा भाग तितकाच खरा आहे: रझा उपाशी राहून चित्रें काढीत बसले नाहींत. ब्लॉक स्टुडिओंतली नकाशी ही चित्रकलेचीच रोजंदारी होती, आणि ती त्यांना नागपूरच्या शिक्षणामुळें मिळाली. आज तर ही रोजंदारी तेव्हांपेक्षां फार विस्तारली आहे. पुस्तकें, जाहिराती, चित्रपट, संगणकावरील खेळ, कापडावरील नक्षी, घरांची अंतर्रचना, या सर्वांना हात आणि डोळा असलेला माणूस लागतो. नागपुरास सरकारी चित्रकला महाविद्यालय आहे. मुंबईच्या १८५७ पासून चाललेल्या जे. जे. ला २०२३ सालीं अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. शासनाची एलिमेंटरी व इंटरमिजिएट ही रेखाकलेची परीक्षा मुलानें दिली नसल्यास अवश्य द्यावी. तेथें वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांबरोबर भूमिति व अक्षरलेखनही असतें, आणि सांगितलेलें काम नेमल्या वेळांत पुरें करण्याची संवय लागते. थोरल्या दिरांना जी उणीव वाटते, ती तेथें भरून निघेल. मुलानें त्या परीक्षेंत हट्टानें तळीं काढूं नयेत. पाळ त्यानें आपल्या वहींत काढावी, रोज एक, वर्षभर. आणि ती वही वर्षाअखेर थोरल्या काकांपुढें ठेवावी. वर्षभर रोज एक पान भरणाऱ्या मुलाविषयीं ते काय म्हणतात तें आम्हांस अवश्य कळवावें. पन्नास पानांवरच थांबला, तर तेंही एक उत्तरच झालें.

दिवाळींत समुद्र दाखवावा काय? अवश्य दाखवावा, पण मुंबईच्या चौपाटीवर एक संध्याकाळ भेळ खाऊन परत येण्याकरितां इतका प्रवास करूं नये. गुहागर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, जेथें आप्तांची सोय असेल तेथें सलग तीन-चार दिवस राहावें. तो काळही अनुकूल असतो. पावसाळ्यांत कोंकणच्या किनाऱ्याजवळचा समुद्र निळा नसतोच. नद्यांच्या गाळानें तो मातकट, करडा झालेला असतो. पाऊस थांबल्यावर तो हळूहळू निवळतो, आणि दिवाळीच्या सुमारास हिरवा व निळा हे दोन्ही रंग त्यांत वेगळे दिसूं लागतात. पहिले दोन दिवस मुलाला रंग हातांत देऊंच नयेत. सकाळीं, दुपारीं, संध्याकाळीं त्याच जागीं बसवावें आणि पेन्सिलीनें फक्त एवढेंच टिपण्यास सांगावें कीं, आकाश अधिक उजळ आहे कीं पाणी, आणि क्षितिजाची रेघ धारदार आहे कीं पुसट. हीं उत्तरें प्रहराप्रहराला बदलतात. मोने हा थोर चित्रकार समुद्रावर काम करतांना एकाच वेळीं कित्येक पट हाताशीं ठेवी आणि उजेड पालटला कीं पट पालटी, तो याचसाठीं.

या मोनेचीच एक फजिती सांगतों, कारण तिचा आमच्या प्रवाशांना उपयोग होईल. १८८५ सालीं एत्रेता येथें कड्याखालीं तो चित्र रंगवीत बसला असतां भरतीच्या वेळेचा अंदाज चुकला, एका लाटेनें त्याला कड्यावर आपटलें, आणि चित्र, घोडी, रंगाची पेटी सर्व समुद्रानें नेलें. आपल्याकडे पंचांग पाहणाऱ्या घरांना ही भीति बाळगण्याचें कारण नाहीं. कोंकणांतले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास पूर्ण भरती; पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ठिकाणाप्रमाणें थोडा फरक पडतो, पण चित्र काढणाऱ्याला हा हिशेब पुरेसा आहे. भाऊबीजेला द्वितीया असते, म्हणजे दुपारीं दीडच्या आगेंमागें पूर्ण भरती, आणि सूर्य मावळण्याच्या वेळेस पाणी बरेंच मागें हटलेलें. तेव्हां ओली पुळण लांबवर उघडी पडते आणि तिच्यांत आकाश अगदीं बोडीच्या पाण्यासारखें उतरतें. पेटी उघडण्याची वेळ तीच. कागद जाड, निदान ३०० ग्रॅमचा घ्यावा, पाण्यासाठीं दोन डबे असावेत, आणि पांढऱ्या रंगाची नळी घरींच ठेवून यावी.